सिडको एन-७ चं जुनं रो-हाऊस की देवळाईतला नवा फ्लॅट? (छत्रपती संभाजीनगर)

मकाईगेट

नमस्कार मंडळी. घर घ्यायचं पक्कं आहे, गाडी दोन ठिकाणांवर अडली आहे.

पहिलं सिडको एन-७, बजरंग चौकातून चालत जाता येईल इतकं जवळ. रो-हाऊस, प्लॉट २० बाय ३०. तळमजला सिडकोनेच बांधलेला, ऐंशीच्या दशकातला. वरचा मजला नंतर चढवलाय. मागणी ५८ लाख. विकणारे तिसरे मालक, आणि मधला एक व्यवहार मुखत्यारपत्रावर झालेला.

दुसरं देवळाईत, देवळाई चौकातून आत दीड किलोमीटर. २४ फ्लॅटची स्कीम, तिसरा मजला, टू बीएचके. बिल्डर १०५० फूट सांगतो, किंमत ४२ लाख, ताबा आठ महिन्यांनी. दोन बोअर आहेत, उन्हाळ्यात टँकर. "गुंठेवारीचं सर्टिफिकेट आहे, काही टेन्शन नाही" असं त्यांचं म्हणणं.

घरात चार माणसं. एकाची ड्युटी शेंद्र्याला शिफ्टमध्ये, दुसऱ्याची क्रांती चौकाजवळ. आईला जिने चढणं जड जातं. कर्ज काढावं लागणार. "सिडको ते सिडकोच" आणि "आता सगळं गाव बायपासकडेच चाललंय" ही दोन्ही वाक्यं ऐकून झाली आहेत. नेमकं काय तपासायचं, ते जाणकारांनी सांगावं.

दस्त_फेरफार

आधी कागद. दोन्हीकडे कागदाला खोट असू शकते, पण खोटीची जात वेगळी आहे.

सिडकोच्या घराखालची जमीन मुळात सिडकोची असते, तुमच्याकडे सहसा येतो तो भाडेपट्टा. रस्ते, पाणी, ड्रेनेज, दिवाबत्ती ही कामं २००६ मध्ये महापालिकेकडे गेली, म्हणून घरपट्टी आणि पाणीपट्टी महापालिकेची येते. नेमकं इथेच लोक फसतात. घरपट्टीच्या बिलावर विकणाऱ्याचं नाव दिसलं की मालकी झाली असं धरून चालतात. बिलावरचं नाव कर भरणाऱ्याचं. सिडकोच्या दप्तरी कुणाचं नाव आहे, ते पाहायचं.

विकणाऱ्याकडून मूळ वाटपपत्र, भाडेपट्टा करार, ताबा पावती आणि त्यानंतरच्या प्रत्येक विक्रीचा सिडकोने दिलेला हस्तांतरणाचा आदेश मागा. तीन मालक झाले असतील तर विक्री दोनदा झाली, म्हणजे आदेशही दोन हवेत. तुमच्या प्रकरणात एक कडी मुखत्यारपत्राची आहे, तिथे साखळी तुटलेली असण्याची शक्यता मोठी. मुखत्यारपत्र, विक्री करार आणि मृत्युपत्र या तिकडीने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे. त्यामुळे ज्याचं नाव सिडकोकडे आहे त्याने, किंवा तो हयात नसेल तर त्याच्या सगळ्या वारसांनी, नोंदणीकृत दस्त करून द्यायला हवा. लग्न होऊन गेलेल्या मुलीसुद्धा वारसच. त्यांची सही "घेऊन टाकू" म्हणणाऱ्याला आधी घेऊन या म्हणायचं, मग पैसे.

भाडेपट्ट्याची मुदत किती वर्षांची, कधीपासून सुरू, आज किती उरली हे करारात लिहिलेलं असतं. बँकेला मुदत कर्जाच्या पुढे बऱ्यापैकी उरलेली लागते. शिवाय सिडकोची दोन वेगवेगळी ना हरकत पत्रं लागतील, एक हस्तांतरणासाठी आणि एक बँकेकडे गहाण ठेवण्यासाठी. हस्तांतरण शुल्क कोण भरणार ते इसारपावतीतच लिहून घ्या.

आता देवळाई. सातारा-देवळाई आधी ग्रामपंचायतींत होतं, मग थोडा काळ नगर परिषद झाली, आता महापालिकेत आहे. म्हणून तिथल्या इमारतींच्या फायलींत तीन तऱ्हेचे शिक्के सापडतात. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा ही कर आकारणीची नोंद आहे, बांधकाम परवानगी नव्हे.

बिल्डर ज्याला "सर्टिफिकेट" म्हणतोय ते हातात घेऊन वाचा. गुंठेवारी कायदा, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले भूखंड नियमित करण्याचा कायदा, २००१ चा. त्यात आधी १ जानेवारी २००१ पर्यंतचीच बांधकामं आणि भूखंड नियमित होत. २०२१ च्या दुरुस्तीने ती तारीख ३१ डिसेंबर २०२० झाली. तुमची इमारत आज उभी राहते आहे. मग ते प्रमाणपत्र या इमारतीचं असूच शकत नाही, फार तर खालच्या भूखंडाचं असेल. भूखंड नियमित झाला तरी त्यावरच्या नव्या इमारतीला महापालिकेची स्वतंत्र बांधकाम परवानगी आणि मंजूर नकाशा लागतो, आणि काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला परवानगी दिल्याचा दाखला. हे दोन्ही कागद नसतील तर ४२ लाख काय, ३२ लाखांतही घेऊ नका.

गट नंबर मिळवून सातबारा आणि सगळे फेरफार काढा. मराठवाड्यात आणखी एक पायरी आहे, ती पुण्याकडचे वकील कधीकधी सोडून देतात. हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे जुन्या नोंदी वेगळ्या आहेत. खासरा पाहणी पत्रक बघा. जमिनीवर इनामाची नोंद आहे का, विशेषतः खिदमतमाश, म्हणजे देवस्थान किंवा धार्मिक सेवेसाठी दिलेली? इतर हक्कात हैदराबाद कूळ कायदा १९५० च्या कलम ३८-ई खालच्या, म्हणजे मालकी हक्क मिळालेल्या संरक्षित कुळाचं नाव आहे का? जमीन भोगवटादार वर्ग-२ ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी आहे का? या तीनपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर "हो" आलं, तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी झाल्याचा कागद पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. शोध अहवाल ३० वर्षांचा करतात, पण इनामाची नोंद त्याच्याही मागची असते, म्हणून वकिलाला खासऱ्यापासून बघायला सांगा.

नळाचा_दिवस

कागदावर वर सगळं आलंय, मी पाण्याचं सांगतो. या शहरात घराची निम्मी किंमत पाण्यात असते.

आपलं पाणी पैठणहून, नाथसागरातून म्हणजे जायकवाडी धरणातून येतं. जुन्या दोन जलवाहिन्या आहेत, ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या. नव्या योजनेत जायकवाडी ते नक्षत्रवाडी अशी २५०० मिलिमीटरची वाहिनी आहे. लोक मोठ्या पाइपाचे फोटो पाहून "आता रोज पाणी" असं गृहीत धरून घर घेतात. पण पाइप नक्षत्रवाडीला आला म्हणजे तुमच्या गल्लीत आला असं नाही. मधे जलकुंभ लागतो, त्या जलकुंभापर्यंतची वाहिनी लागते, मग वितरणाची जाळी, मग तुमची जोडणी. देवळाईत प्रश्न असा विचारायचा: गल्लीत लाईन टाकलेली आहे का, टाकली असेल तर ओली आहे की कोरडी, आणि ती कोणत्या जलकुंभाला जोडलेली आहे? उत्तर बिल्डरला विचारू नका. गल्लीतल्या किराणा दुकानदाराला आणि महापालिकेच्या लाईनमनला विचारा.

आता हिशेब. शहरी घरासाठी माणशी १३५ लिटर रोज हे मानक धरतात. चार माणसं, ५४० लिटर. पाण्याचा खंड या शहराने चार-पाच दिवसांपासून आठवड्याच्या पुढेही पाहिलेला आहे. सहा दिवसांचा धरला तरी ३,२४० लिटर साठवायला हवेत. सिडकोच्या घरात ६ फूट बाय ६ फूट बाय ५ फूट खोल हौद म्हणजे १८० घनफूट, साधारण ५,१०० लिटर. एवढा असेल तर निश्चिंत राहा. नसेल तर तो करायला पुढच्या अंगणात जागा आहे का ते पाहा. २० बाय ३० च्या प्लॉटवर लोकांनी पुढचं अंगण घरात घेतलेलं असतं.

हौद मोठा असून भागत नाही, तो भरला पाहिजे. अर्ध्या इंची जोडणीला बरा दाब असेल तर मिनिटाला १५ ते २० लिटर येतं. पाणी ४५ मिनिटं टिकलं तर ६७५ ते ९०० लिटर जमा होतं. ९०० लिटर चार माणसांत सहा दिवस वाटले तर माणशी रोज ३७ लिटर पडतात. सिडकोतसुद्धा घरोघर बोअर आणि मोटार का दिसते त्याचं कारण हेच. नळाला थेट मोटार लावणं नियमबाह्य आहे, आणि शेजाऱ्याने लावली की तुमचा नळ कोरडा. म्हणून एन-७ चं घर बघायला नळ येण्याच्या दिवशी, नळाच्या वेळेला जा. मोजून २० लिटरची बादली लावा. एका मिनिटाच्या आत भरली तर दाब चांगला. दोन मिनिटं लागली तर ते घर लाईनच्या शेपटाला आहे, एन-७ चा जलकुंभ जवळ असला तरी.

देवळाईच्या स्कीमचं गणित मोठं आहे. २४ फ्लॅट, प्रत्येकी ५४० लिटर, म्हणजे रोज १२,९६० लिटर. बिल्डर बोअर चालू करून जाड धार दाखवेल, तिच्यावर जाऊ नका. साडेसहा इंची बोअरमध्ये दर मीटरला साधारण २१ लिटर पाणी उभं असतं. ६० मीटर पाणी उभं असलं तर पहिले साडेबाराशे लिटर हे नुसतं साठलेलं पाणी, खडकातून येणारं नव्हे. दोन तास मोटार सलग चालवायला लावा आणि मग २०० लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरतो ते मोजा. १०० सेकंद म्हणजे तासाला ७,२०० लिटर, उत्तम. ४०० सेकंद म्हणजे तासाला १,८००, आणि तेही किती तास टिकेल ते बघावं लागेल. आपला खडक बेसॉल्टचा आहे. पाणी फक्त भेगांत आणि कुजलेल्या थरात मिळतं. शेजारच्या बोअरला पाणी आहे म्हणून तुमच्याला असेल, हा हिशेब इथे चालत नाही. ही मोजणी एप्रिल-मे मधली हवी. दिवाळीत मोजलेली धार उन्हाळ्याचं काही सांगत नाही.

उन्हाळ्यात बोअर ५,००० लिटरवर आले तर उरलेले सुमारे ८,००० टँकरने. ९० दिवसांचे ७ लाख २० हजार लिटर, म्हणजे पाच हजारी टँकर १४४. शेजारच्या जुन्या स्कीमच्या सेक्रेटरीकडून टँकरचा गेल्या मे महिन्यातला भाव घ्या, १४४ ने गुणा, २४ ने भागा. तो आकडा मेंटेनन्सच्या वर धरायचा.

काळी_मुरूम

पाण्याच्या मागोमाग सांडपाणी. आलेल्या पाण्यातलं ८० टक्के बाहेर जातं, म्हणजे त्या स्कीममधून रोज दहा हजार लिटरच्या वर. ते कुठे जातंय, हे स्वतः डोळ्यांनी पाहून या. सातारा-देवळाईत ड्रेनेजची लाईन सगळ्या गल्ल्यांत सुरू झालेली नाही, त्यामुळे स्कीमला सेप्टिक टँक आणि शोषखड्डा असतो. शोषखड्डा मुरमात चालतो. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, पावसाळ्यात तर ती फुगून बंदच होते. मग टाकी भरून वाहते, पाणी उघड्या नाल्यात किंवा शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर जातं आणि मैला उपसणारी गाडी दर थोड्या दिवसांनी बोलवावी लागते. त्याच रांगेतल्या तीन-चार वर्षं जुन्या स्कीमच्या मागच्या बाजूला जा. हिरवंगार गवत आणि डास दिसले की उत्तर मिळालं.

बोअर आणि शोषखड्डा यांत किमान १५ मीटर, म्हणजे ५० फूट अंतर पाहिजे. २० बाय ३० च्या प्लॉटचा कर्णच ३६ फूट भरतो. म्हणजे त्या भागातल्या छोट्या रो-हाऊसमध्ये पुढे बोअर आणि मागे शोषखड्डा असेल तर हे अंतर पाळलं जाणंच शक्य नाही, आणि खडकाच्या भेगांना कुंपण कळत नाही. तुमच्या स्कीमचा प्लॉट मोठा आहे, पण शेजारच्यांचे खड्डेही मोजा. पाणी प्रयोगशाळेत देताना क्षार, कठीणपणा आणि कोलिफॉर्म (मैला मिसळल्याचे जिवाणू) तिन्ही तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याला विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवेत, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. ५०० च्या बरंच वर गेलं की गिझर आणि नळ क्षाराने धरतात, आरओची मेम्ब्रेन लवकर जाते.

आता माती. डोंगराच्या बाजूला मुरूम वरच लागतो, खाली उतरताना काळ्या मातीचा थर जाड मिळू शकतो, आणि डोंगरातून येणारे नाले मधूनमधून बुजवलेले असतात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावर बसलेला पाया दरवर्षी थोडा हलतो. मंजूर स्ट्रक्चरल ड्रॉइंगमध्ये फुटिंगची, म्हणजे कॉलमखालच्या पायाची, खोली बघा. फुटिंग काळी माती पूर्ण ओलांडून कडक मुरमावर किंवा पाषाणावर टेकलेलं हवं. बिल्डरची मागची एखादी इमारत पाहा. खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढत गेलेली भेग दिसली, किंवा जोत्याभोवतीची फरशी भिंतीपासून सुटून बोटभर फट पडलेली दिसली, तर पाया वरच्या काळ्या मातीतच बसलाय.

एन-७ च्या घरात उलटं पाहायचं. चाळीसेक वर्षं जमीन बसून झाली आहे, तिथे घाबरायचं ते स्लॅबला आणि वरच्या मजल्याला. तळमजला भिंतींवर उभा असेल, कॉलमवर नव्हे, तर वरचा मजला कशावर उभा केला? कोपऱ्यांत कॉलम आहेत का बघा. खालच्या ९ इंची भिंतीच्या बरोबर वर भिंत असेल तर ठीक. खाली हॉल मोठा करण्यासाठी मधली भिंत काढलेली असेल आणि वर तिथेच भिंत उभी असेल, तर ते वजन स्लॅब उचलतोय. हे घर तसं असेल तर दुरुस्तीचं नाही, पाडून बांधायचं आहे, आणि ५८ लाखांत तो खर्च धरायला हवा.

स्लॅबला खालून लहान हातोडीने सगळीकडे ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर बरं. बद्द आवाज आला म्हणजे प्लास्टर सुटलंय किंवा आतली सळई गंजून फुगली आहे. सळईच्या रेषेत तपकिरी डाग किंवा सरळ भेगा असतील तर इंजिनियरकडून काँक्रीटची ताकद तपासणाऱ्या रिबाउंड हॅमर आणि कोअर टेस्ट करून घ्या. संडास-बाथरूमच्या खालची छत नीट पाहा.

आणि एक जागा हमखास विसरली जाते. सिडकोच्या जुन्या ओळींत ड्रेनेजची लाईन घरांच्या मागून जाते. मागे ओटा, स्वयंपाकघर वाढवताना चेंबर फरशीखाली गेलेलं असतं. तुंबलं की स्वयंपाकघरातली फरशी फोडायची. विकणाऱ्याला चेंबर दाखवायला सांगा. तो फरशीच्या एका कोपऱ्याकडे बोट दाखवून "इथे खाली आहे" म्हणाला, तर किंमत कमी करायला ते पक्कं कारण आहे.

मकाईगेट

मंडळी, मनापासून आभार. दोन गोष्टी अजून. बिल्डरला रेराचं, म्हणजे गृहप्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचं, विचारलं तर म्हणाला, "गुंठेवारीत रेरा लागत नाही." बरोबर आहे का? आणि बँक एन-७ च्या घराला किती देईल, म्हणजे हातचे किती लागतील?

दस्त_फेरफार

चूक आहे. प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा फ्लॅट ८ पेक्षा जास्त नसतील, तरच नोंदणीतून सूट मिळते. पण ज्या प्लॉटवर २४ फ्लॅट निघतात तो ५०० चौरस मीटरच्या आतला आहे असं कुणी सांगत असेल, तर मंजूर नकाशावरचं क्षेत्रफळ पाहिल्याशिवाय मानू नका. गुंठेवारी म्हणून वेगळी सूट नाही. नंबर मिळाला की महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प उघडून मंजूर नकाशा, मजल्यांची संख्या, पूर्ण करण्याची तारीख, मुदतवाढ घेतली का, आणि जमिनीवर बोजा किंवा दावा आहे का, हे वाचा. तिथे तीन मजले मंजूर असतील आणि जागेवर चार दिसत असतील, तर तुमचा मजला कोणता ते मोजा.

नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ४२ लाखांवर ही मर्यादा ४ लाख २० हजार. तो "बुकिंगला १५ द्या, भाव पकडून ठेवतो" म्हणाला तर देऊ नका. १०५० फूट हा विक्रीचा आकडा आहे, करारात चटई क्षेत्र, म्हणजे घरातलं प्रत्यक्ष वापरायचं क्षेत्र, लिहिलं जातं. ते समजा ७०० फूट निघालं, तर तुमचा खरा भाव फुटाला ६,००० रुपये. एन-७ च्या घराचंही आतलं क्षेत्र मोजून मगच तुलना करा, नाहीतर आंब्याचा भाव चिंचेला लावल्यासारखं होईल.

पैशांचं असं. कर्ज ३० लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंत असेल तर बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते, आणि मुद्रांक व नोंदणी त्यात धरत नाही. मुद्रांक आपल्याकडे साधारण ६ टक्के, दस्तातली किंमत किंवा रेडीरेकनरचं (सरकारी दरपत्रकाचं) मूल्य यांतलं जे जास्त असेल त्यावर. एकट्या महिलेच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,०००.

एन-७: कर्ज ४६ लाख ४० हजार, तुमचे ११ लाख ६० हजार, मुद्रांक ३ लाख ४८ हजार, नोंदणी ३०,०००. हातचे १५ लाख ३८ हजार, वर सिडकोचं शुल्क आणि डागडुजी. व्यवहार ५० लाखांच्या वर आहे, म्हणून विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस, म्हणजे ५८,००० रुपये, कापून तुम्ही सरकारकडे भरायचे. हे विसरलात तर व्याज-दंड तुमच्यावर येतो.

देवळाई: कर्ज ३३ लाख ६० हजार, तुमचे ८ लाख ४० हजार, मुद्रांक २ लाख ५२ हजार, नोंदणी ३०,०००. बांधकाम चालू असल्यामुळे जीएसटी. किंमत ४५ लाखांच्या आत आणि चटई क्षेत्र ९० चौरस मीटरच्या आत, म्हणून १ टक्का, ४२,०००. एकूण हातचे ११ लाख ६४ हजार. पार्किंग, "डेव्हलपमेंट चार्जेस" असं जोडत किंमत ४५ च्या वर गेली तर जीएसटी ५ टक्के होतो. तो हिशेब आधीच लेखी घ्या.

एन-७ ला मात्र एक मोठा फरक पडू शकतो. बँकेचा व्हॅल्युअर मंजूर बांधकामाचीच किंमत धरतो. वरच्या मजल्याची परवानगी नसेल तर तो ५८ ऐवजी समजा ४० लाख मूल्य लावेल, कर्ज ३२ लाखांवर येईल आणि हातचे १५ चे जवळपास ३० लाख होतील. म्हणून इसार देण्याआधी बँकेत फाइल दाखवा. इसारपावतीत ही अट नेमक्या शब्दांत घाला: "सिडकोचे हस्तांतरण ना हरकत पत्र अमुक दिवसांत न मिळाल्यास, अथवा मालकी दोषामुळे बँकेने कर्ज नाकारल्यास, इसाराची पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत बिनव्याजी परत करण्यात येईल." विकणारा ही ओळ खोडायला सांगत असेल तर त्याला दोष माहीत आहे असं समजा.

झाल्टाफाटा

जाण्यायेण्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून. शेंद्र्याला देवळाईतून बीड बायपास, झाल्टा फाटा, केंब्रिज चौक, पुढे जालना रोड. शहरात शिरावंच लागत नाही. एन-७ मधून जालना रोडला येऊन चिकलठाण्यावरून केंब्रिज चौक. शेंद्र्यापुरतं दोन्ही घरं सारखीच म्हणा.

फरक पडतो तो क्रांती चौकाला. देवळाई आणि शहर यांच्या मधे रेल्वे रूळ आहेत, आणि ते ओलांडायच्या जागा मोजक्या: संग्रामनगरचा उड्डाणपूल, शिवाजीनगर, पलीकडे रेल्वे स्टेशनजवळचा पूल. सकाळी साडेनऊला सगळी देवळाई, सगळा सातारा परिसर या दोन-तीन तोंडांतून शहरात येतो. एन-७ मधून मात्र आतल्या रस्त्यांनी पर्याय बरेच निघतात, रिक्षा पावलोपावली मिळते. दुसरी ड्युटी रोज क्रांती चौकात असेल तर हा फरक रोजचा आहे.

आईंच्या दृष्टीने: एन-७ ला तळमजल्यावर संडास-बाथरूम आणि झोपायची खोली असेल तर त्यांना जिना चढायची वेळच येत नाही. देवळाईला लिफ्टवर अवलंबून. करारात लिफ्टची कंपनी आणि वीज गेल्यावर तिला जनरेटरचा पाठिंबा आहे का, हे लिहिलेलं पाहा. "लिफ्ट राहील" एवढंच पुरेसं नाही.

एन-७ च्या गल्लीत चारचाकी कुठे उभी राहणार, ते रात्री दहाला जाऊन बघा, दिवसा सगळ्या गल्ल्या मोकळ्या दिसतात. आणि बायपासच्या बाजूची कोणतीही मालमत्ता घेताना विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि झोन दाखला काढा. रस्ता रुंदीकरणासाठी २०२५ मध्ये जालना रोड आणि बीड बायपासवर पाडापाडी झाली, ती सगळ्यांनी पाहिली आहे. तुमची स्कीम दीड किलोमीटर आत असली तरी आतल्या रस्त्यांची आखणीही नकाशावर असते. नकाशात रस्ता १२ मीटरचा आणि जागेवर ६ मीटरचा असेल, तर उरलेले ६ मीटर कुणाच्या कुंपणातून जाणार ते टेप लावून मोजा.

नळाचा_दिवस

झाल्टाफाटा यांनी रुळांचं काढलं म्हणून एक जोडतो. देवळाईला पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा, दुचाकीवर, शिवाजीनगरच्या भुयारी मार्गाने. मार्गात पाणी साचलंय का, चौकातून आतला दीड किलोमीटर डांबरी आहे की चिखलाचा, नाल्याचं पाणी रस्त्यावरून जातंय का, आणि बांधकामाच्या तळमजल्यावर पार्किंगमध्ये किती इंच पाणी आहे, ते बघा. भिंतीवर ओल्याची रेघ उठलेली असते, तिची उंची जमिनीपासून मोजा. लिफ्टचा खड्डा पण वाकून बघा, तिथे पाणी असेल तर ते जमिनीतून झिरपलेलं असू शकतं. मग बिल्डरला सांगा की वॉटरप्रूफिंग करून, खड्डा कोरडा दाखवून, मगच पुढचा हप्ता.

मकाईगेट

रविवारी एन-७ ला नळाची वेळ सकाळी सहाची आहे असं कळलंय. बादली आणि हातोडी घेऊन जातो. सिडकोच्या कार्यालयात फाइल बघण्यासाठी विकणाऱ्यांना सोबत यायला सांगितलं आहे, ते सोमवारी येतो म्हणाले. देवळाईचा गट नंबर मिळाला, खासरा काढायला वकिलांकडे दिला. इसार तोवर कुठेच देत नाही.